खाली कोणी नाही

मुसासे खाणीत रोज दुपारी साडेतीनला सुरुंग उडायचे. दिवसपाळी अडीचच्या आत वर यायची, आणि साडेतीनच्या ठोक्याला सुरुंग विभागाचे प्रमुख बा सिकाझ्वे गळ्यातली पितळी किल्ली काढून भिंतीवरच्या पेटीत फिरवायचे. मग पायाखालची जमीन दोन-तीनदा हलायची, टेबलावरचे कप किणकिणायचे आणि आम्ही पुन्हा आपापल्या कामाला लागायचो. खाणीच्या वस्तीत वाढलेलं माणूस त्या आवाजाने दचकत नाही. आवाज आला नाही तर मात्र माना वर होतात.

किल्ली फिरवण्याआधी बा सिकाझ्वेंच्या हातात एक कागद असावा लागे. तो कागद माझ्या मॅक्रोतून, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या ऑफिस सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून निघायचा.

त्याचं असं होतं. खाली जाणारा प्रत्येक जण लॅम्परूममधून टोपीवरचा दिवा घेतो आणि आपला बिल्ला खुंटीला अडकवतो. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. आमच्याकडे लॅम्परूम तीन. एक मोठ्या शाफ्टवर, एक हवेच्या शाफ्टवर आणि एक दोन किलोमीटर पलीकडे, जिथून चालत खाली जायचा उतार सुरू होतो तिथे. पावणेतीनच्या सुमारास तिन्हीकडचे कारकून न परतलेल्या दिव्यांची फाइल एका सामायिक फोल्डरमध्ये टाकायचे. कंत्राटदारांच्या टोळ्या असल्या की त्यांच्या फायली वेगळ्या. आज किती फायली येतील आणि कोण काय नाव देईल याचा नेम नसे. त्या सगळ्या शोधायच्या, एकत्र करायच्या आणि अजून जमिनीखाली कोण आहे त्याची यादी छापायची, हे काम माझा मॅक्रो करायचा. मी नियंत्रण कक्षात कारकून होते तेव्हा तो लिहिला होता. मला कोणी शिकवलं नव्हतं. जाडजूड पुस्तक आणलं, तीन महिने डोकं फोडलं आणि तो एकदाचा चालला. सहा वर्षं चालला. मधल्या काळात माझी बदली अंगणापलीकडच्या प्रशिक्षण शाळेत झाली, पण मॅक्रो तिथेच राहिला.

त्या वर्षी ऑगस्टात शेतकरी दिनाच्या सुट्टीत नियंत्रण कक्षात नवीन कॉम्प्युटर बसवला. मंगळवारी खाण पुन्हा सुरू झाली. पावणेतीनला लुन्गोवेचा फोन आला. माझ्या जागी आता ती होती, पश्चिमेकडची, हसरी मुलगी.

"बाना लुबुतो, या ना! नवीन मशीन बघा आणि व्हितुम्बुवा खा. गरम आहेत."

आमच्याकडे बा म्हणजे श्रीयुत आणि बाना म्हणजे अमक्याची आई; लुबुतो माझा थोरला. त्यामुळे खाणीत मला बुपे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

मी गेले. बाहेर कोरडा वारा सुटला होता, लाल धूळ दारातून आत येत होती. नव्या मशीनसमोर कॉम्प्युटर विभागाचे बा जेरे ऐटीत बसले होते. ते पूर्वेकडचे, न्गोनी. मी बेम्बा. आमच्या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची ही जुनी रीत.

"या, माकडं खाणारे या," ते म्हणाले. "बघा जरा, विमान आणलंय विमान. आतलं ऑफिस सॉफ्टवेअरसुद्धा नव्या आवृत्तीचं."

"उंदीर खाणाऱ्यांनी आणलंय म्हणजे वायर कुरतडलेली नाही ना, ते आधी बघते."

लुन्गोवे खिदळली. तिने व्हितुम्बुव्यांची, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची पिशवी माझ्यापुढे सरकवली आणि घड्याळ पाहून बटण दाबलं. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. जुन्या मशीनला यादी काढायला मिनिटभर लागायचं, याने डोळ्याची पापणी लवायच्या आत कागद बाहेर टाकला.

"पाहिलंत?" बा जेरे म्हणाले.

लुन्गोवेने कागद बा सिकाझ्वेंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, सही केली आणि फोन उचलून कोणाला तरी "मोकळं आहे" एवढंच सांगितलं. मी सहज टेबलाजवळ गेले. कागदावर एकही नाव नव्हतं. मधोमध ठळक अक्षरांत एवढंच होतं: खाली कोणी नाही.

माझ्या हातातला व्हितुम्बुवा तसाच राहिला.

"बा सिकाझ्वे, पंपावरचे दोघे कुठे आहेत?"

"कुठले दोघे?"

"पंपवाले. ते पाळी संपली तरी खालीच असतात. त्यांची खोली सुरुंगापासून लांब आहे, म्हणून आपण त्यांना ठेवतो. त्यांची नावं यादीत रोज असतात. सहा वर्षांत मी कोरा कागद पाहिलेला नाही."

बा सिकाझ्वेंनी चष्म्यावरून पाहिलं. उंच, सडपातळ माणूस, बोलणं तोलूनमापून. "सुट्टीत पंपांची दुरुस्ती होती. आज उशिरा उतरणार असतील."

"असतील म्हणजे? विचारलंत?"

"लुन्गोवे, पंपाच्या खोलीत फोन लाव."

तिने लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही.

"झालं? कोणी नाही," ते म्हणाले.

"पंप चालू असला की तिथे फोन ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लुन्गोवे, फोल्डर उघड. फायली बघू या."

लुन्गोवे वळली. पडदा निळा झाला होता, त्यावर एक गोल फिरत होता.

"मी अपडेट लावलं," बा जेरे म्हणाले. "यादी निघाली ना, म्हटलं तेवढ्यात उरकून घेऊ. दहा-बारा मिनिटं."

"आत्ता? आत्ता लावायचं होतं?"

"अहो, एवढं काय? मॅक्रो चालला, एक चूक दाखवली नाही. चुकला असता तर बोंबलला असता की."

 तो मॅक्रो तर बोंबलायचाच नाही. तो बोंबलू नये म्हणून मीच काहीतरी करून ठेवलं होतं, पण नेमकं काय, ते त्या क्षणी आठवेना.

"शाळेत माझं जुनं मशीन आहे," मी म्हणाले. "तोच मॅक्रो, तेच फोल्डर. मी तिथून यादी काढून आणते. तोवर किल्ली फिरवू नका."

"साडेतीनला किल्ली फिरेल," बा सिकाझ्वे शांतपणे म्हणाले. "गेल्या महिन्यात नऊ मिनिटांचा उशीर झाला, तर मला वरच्या साहेबांपुढे उभं केलं होतं. कागदावर सही झालेली आहे, बाना लुबुतो."

"सही तुमची आहे, मॅक्रो माझा आहे," मी म्हणाले आणि निघाले.

अंगण ओलांडायला दोन मिनिटं लागतात. मी पळाले. चाळिशी उलटलेली बाई कमरेला गुंडाळलेलं चितेंगे गुडघ्यापर्यंत उचलून पळते आहे हे बघून फाटकावरचा पहारेकरी ओरडला, "आग लागली काय?"  शाळेच्या वर्गात नवीन भरतीची माणसं बसली होती, त्यांच्यामधून वाट काढत मशीनपाशी गेले आणि बटण दाबलं. जुनं मशीन. ते घुरघुरलं, थांबलं, पुन्हा घुरघुरलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन अकरा. पासवर्ड एकदा चुकला. तीन तेरा. फाइल उघडली. यादीचं बटण दाबलं आणि खाली कोपऱ्यात फायलींची नावं एकेक सरकायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. नव्या मशीनवर त्या अशा सरकल्याच नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

कागद बाहेर आला. त्यावर चार नावं होती.

पहिले दोन पंपवाले. त्यांच्याखाली दिवा ४१७, न्सोफ्वा, मोजणीदार, उतार, ५८० मीटर. दिवा ४५२, कटोंगो, मोजणीदार, तिथेच.

मोजणीदार कुठल्याच टोळीत नसतात. टोळीचा मुकादम आपली माणसं मोजून वर आणतो. मोजणीवाले स्वतंत्र उतरतात, मापं घेतात आणि आपल्या वेळेने येतात. ते राहिले आहेत हे सांगणारं या कागदाशिवाय कोणी नव्हतं.

मी परत पोचले तेव्हा तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.  कागद बा सिकाझ्वेंच्या सहीच्या कागदाशेजारी ठेवला.

"हे काय?" बा जेरे वाकून म्हणाले. "जुनं मशीन आहे ते. आठवड्यापूर्वीच्या फायली घेतल्या असतील त्याने."

"तारीख वाचा. आजची आहे. वेळ वाचा, दोन वाजून अडतीस मिनिटं."

"पण मी स्वतः तपासलंय! शुक्रवारी माझ्या लॅपटॉपवर हाच मॅक्रो चालवला. अगदी बरोबर चालला."

बा सिकाझ्वेंनी मान वर केली. "तुझ्या लॅपटॉपवर ऑफिस कुठल्या आवृत्तीचं आहे?"

बा जेरे दोन्ही कागद पुन्हा उलटेपालटे करू लागले.

"जेरे, मी काहीतरी विचारलं."

"जुन्याच," ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की लुन्गोवेला पुढे झुकावं लागलं.

बा सिकाझ्वेंनी गळ्यातली किल्ली काढून खिशात टाकली. मला वाटलं, संपलं. पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"उताराच्या बाजूचे सुरुंग माझ्या किल्लीवर नाहीत," ते म्हणाले. "ते कंत्राटदाराचे आहेत. त्याचा माणूस उताराच्या तोंडाशी बसतो आणि साडेतीनला बटण दाबतो. मी त्याला मोकळं आहे म्हणून कळवलंय. तीन वाजताच."

लुन्गोवेने ऐकत असतानाच फोन लावला होता. "लागत नाही. कोणीतरी बोलतंय त्या फोनवर."

"पुन्हा लाव."

"तेच."

तीन तेवीस. रस्ता उखडलेला होता, गाडीने जायला दहा मिनिटं लागली असती. रेडिओ टेकडीपलीकडे पोचत नसे. लुन्गोवे आकडे दाबत राहिली, प्रत्येक वेळी तोच टूं टूं टूं. मी म्हणाले, "लॅम्परूमचा फोन आहे तो. पाळी सुटली की सगळे घरी फोन लावतात." हे मला माहीत होतं, कारण मीही तेच करायचे.

बा सिकाझ्वे एकदम उठले आणि शेजारच्या विजेच्या खोलीत शिरले. आम्ही मागे गेलो. भिंतीवर हातभर लांबीचे लाल दांडे ओळीने होते. त्यांनी एका दांड्यावर हात ठेवला. वर पाटी होती: उतार विभाग, संपूर्ण. कंत्राटदाराचं बटणही त्याच विजेवर चालायचं.

"साहेब," बा जेरे म्हणाले, "त्याला दोन सह्या लागतात. पंखे बंद पडतील. खनिज वाहणारा भरलेला पट्टा मध्येच थांबेल, रात्रपाळी सगळी वाया जाईल. आणि ते दोघे आधीच वर आले असले तर? दिवा परत द्यायला विसरले असले तर?"

बा सिकाझ्वेंनी माझ्याकडे पाहिलं. "बाना लुबुतो, तुझा मॅक्रो. एकदाच सांग. कुठल्या कागदावर विश्वास ठेवू?"

माझ्या आयुष्यात इतका साधा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि उत्तर द्यायला इतकी भीतीही कधी वाटली नाही. दोन्ही कागद मीच लिहिलेल्या ओळींमधून निघाले होते.

"नावं असलेल्या," मी म्हणाले.

त्यांनी दांडा खाली ओढला. खोलीत काही झालं नाही. फक्त एका मोठ्या यंत्राची घरघर, जी इतकी वर्षं कानात होती म्हणून ऐकूच येत नव्हती, ती बंद झाली.

"त्याच्याकडे बॅटरीची पेटी असली तर?" लुन्गोवेने विचारलं.

"असायला नको," बा सिकाझ्वे म्हणाले.

आम्ही परत टेबलापाशी आलो. कोणी बसलं नाही. तीन सत्तावीस. फोन अजून टूं टूं करत होता. तीन एकोणतीस. बा जेरे ओठ हलवत होते, प्रार्थना असावी. साडेतीन झाले. मी टेबलावरच्या कपांकडे बघत होते. वाऱ्याने दार आपटलं आणि लुन्गोवेने माझा हात इतका घट्ट धरला की नखांचे वण दोन दिवस राहिले. कप हलले नाहीत. तीन एकतीस. तीन बत्तीस.

तीन चौतीसला फोन वाजला. बा सिकाझ्वेंनी उचलला. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्याने ओरडत होता की आम्हालाही ऐकू आलं.

"कुठल्या गाढवाने वीज तोडली? बटणावर बोट होतं माझं! दोनदा दाबलं मी, दोनदा!"

"मी तोडली," बा सिकाझ्वे म्हणाले. "तारा सोडव. बटणापासून लांब हो आणि उताराच्या तोंडाशी जाऊन उभा राहा. पंखे बंद पडलेत, दोन माणसं वर येतील."

आम्ही त्यांच्या पिकअपमधून तिकडे गेलो.  उताराच्या तोंडाशी कंत्राटदाराचा माणूस उकिडवा बसला होता, हात मांड्यांमध्ये दाबून. त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने वर पाहिलंच नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी अंधारातून आधी शिव्या ऐकू आल्या, मग दोन दिवे दिसले. न्सोफ्वा पुढे होता, पन्नाशीचा, पाय ओढत, मापाची तिपाई खांद्यावर. मागे कटोंगो, घामाने निथळलेला.

"पंखे बंद!" न्सोफ्वा ओरडला. "सांगायची रीत आहे की नाही? त्या वाऱ्याशिवाय एवढा चढ चढवलात आम्हाला! कोण आहे तो शहाणा?"

बा सिकाझ्वे पुढे झाले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून गुडघ्यात वाकले, जसं आमच्याकडे वडीलधाऱ्यांपुढे वाकतात.  साहेबाने मोजणीदारापुढे वाकायचं हे न्सोफ्वाने कधी पाहिलं नव्हतं. तो आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिला, आणि मग तिपाई हळूच खाली ठेवून स्वतःही खाली बसला.

"किती लांब होतो आम्ही?" कटोंगोने विचारलं.

"चाळीस मीटर," कंत्राटदाराचा माणूस जमिनीकडे बघत म्हणाला. "मध्ये एक भिंत होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बा जेरे मॅक्रो उघडून बसलो. टर उडवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. जुन्या आवृत्तीत फोल्डरमधल्या फायली शोधणारी एक आज्ञा होती. माझा सगळा मॅक्रो तिच्यावर उभा. नव्या आवृत्तीने ती आज्ञा काढून टाकली होती. तिथे पोचल्यावर मॅक्रोने थांबून ओरडायला हवं होतं. पण सगळ्यात वर मी एक ओळ घातली होती: चूक आली तरी थांबू नकोस, पुढे जा. तेव्हाच्या साहेबांना पडद्यावर सारख्या येणाऱ्या चूक दाखवणाऱ्या चौकटींचा वैताग यायचा म्हणून. त्यामुळे मॅक्रो पुढे गेला. फायली मिळाल्या नाहीत, पुढे गेला. नावं नव्हती, पुढे गेला. शेवटी यादी रिकामी असेल तर काय छापायचं ते मीच त्याला सांगून ठेवलं होतं, तेवढं त्याने छापलं.

"नवीन मशीन मी बसवलं," बा जेरे म्हणाले. "तपासायला हवं होतं ते मी."

"ओळ माझी आहे," मी म्हणाले.

चौकशीत मी तेच सांगितलं. माझ्या नोंदवहीत लेखी ताकीद चढली. बा जेरेंची बदली गोदामात झाली. बा सिकाझ्वेंना दोन सह्यांशिवाय दांडा ओढला म्हणून आठवडाभर घरी बसवलं. त्याबद्दल ते कधी कोणाशी बोलले नाहीत. मी मॅक्रो पुन्हा लिहिला, दोन्ही आवृत्त्यांना कळेल अशा साध्या आज्ञा वापरून, आणि खाणीतल्या प्रत्येक मशीनवर जाऊन चालवून पाहिला. ती ओळ काढून टाकली. पंपवाल्यांची नावं नसतील तर तो आता कागदच छापत नाही.

दोन आठवड्यांनी न्सोफ्वाची बायको शाळेत आली. हातात जिवंत कोंबडी, पाय बांधलेली. मी बसायला बाक दिला, पाणी दिलं. तिने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"ते कॉम्प्युटरमधलं तुम्हीच लिहिलं होतं म्हणतात."

"हो, बामायो," मी म्हणाले; बाईला आम्ही मानाने असंच म्हणतो.

"आणि चुकलंय हे तुम्हीच ओळखलंत."

"हो."

"मग मी तुमच्याशी भांडू की तुमचे पाय धरू, तेच मला ठरवता येईना," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, कोंबडी घेऊन जा. म्हणून घेऊन आले."

 ती उठली, कोंबडी बाकाच्या पायाला बांधली आणि चितेंगे नीट करत गेली.

ती कोंबडी आम्ही पाळली असं सांगायला बरं वाटलं असतं. पण रविवारी लुबुतोचा वाढदिवस होता, आणि घरात माणसं बरीच जमली होती.